पूर्वपक्षातच घंटा झाली

आमच्या घरात भांडायला बंदी नव्हती, पण भांडणाला शिस्त होती. अप्पांचे आजोबा वाईला पाठशाळा चालवत आणि न्यायशास्त्र शिकवत. ती विद्या अप्पांपर्यंत येता येता पार आटली. ते पुण्याला इंजिनिअर झाले, सरकारी नोकरीत शिरले आणि बदली होऊन आम्हा सगळ्यांना घेऊन कलकत्त्याला आले. शेंडी गेली, संध्या गेली, पण घराण्याची एक सवय मात्र त्यांनी जिवापाड जपली होती. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते आपण मांडून दाखवायचं. तेही अर्धंमुर्धं नाही, तर त्याला स्वतःला जमलं नसतं इतकं नेटकं. ऐकणाऱ्याने ‘हो, हेच माझं म्हणणं’ अशी कबुली दिली की मगच आपण बोलायचं. पहिला तो पूर्वपक्ष, नंतरचा उत्तरपक्ष. रविवारी दुपारी जेवताना हा खेळ चाले. वरणभाताला वाद निघायचा आणि ताकभातापर्यंत मिटायचा. मध्येच कुणी ‘पण’ म्हटलं की अप्पा बोट वर करत आणि म्हणत, “आधी पूर्वपक्ष.” मग तोंडातला घास गिळून निमूटपणे दुसऱ्याची बाजू मांडावी लागे.

या शिस्तीने एकदा घरात घोटाळाही केला होता. मी बी. ए. झाले तेव्हा आईच्या मनात माझं लग्न होतं आणि माझ्या मनात एम. ए. अप्पांनी नेहमीप्रमाणे बोट वर केलं. मी आईची बाजू मांडायला बसले. परमुलखात वाढलेली मुलगी, मराठी बोलताना अडखळते, बंगाल्यांसारखी भाताला चिकटली आहे, वय उलटलं तर पुण्याचं कोणतं घर तिला पत्करणार, असं सगळं मी इतक्या जीव तोडून मांडलं की आईच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, “बघा, पटलंय हो तिला!” आणि उठून आत गेली ती देवापुढे साखर ठेवायलाच. माझा उत्तरपक्ष ऐकायला ती थांबलीच नाही. तिची समजूत काढता काढता आम्हा दोघांना पुढचा पंधरवडा गेला. आज हसू येतं, पण तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

आम्ही भवानीपूरला राहत होतो, ट्रामच्या रस्त्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर घरमालकांचं मोठं कुटुंब होतं. सकाळी त्यांच्याकडून मोहरीच्या तेलात तळलेल्या माशांचा वास जिन्याने वर यायचा, आणि आईची हिंगाची फोडणी त्याच जिन्याने खाली जायची. दोन्ही घरं एकमेकांच्या वासाबद्दल कुरकुरत आणि सणाला ताटं पाठवत. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या शेगड्या एकदम पेटत, कोळशाचा धूर हिवाळ्यात वर जातच नसे, आणि त्या धुरात शंख वाजत, ट्रामची घंटा वाजे, कुणाच्या तरी मुलीचा हार्मोनियमवरचा रियाज चाले. आई बंगाली शिकली नाही, पण बाजारातल्या भाजीवाल्याशी ती मराठीत घासाघीस करी आणि तो बंगालीत हरे. अळूची पानं तिला तिथे कोचू म्हणून मिळत. हिवाळ्यात खजुराचा नवा गूळ आला की ती गुपचूप तो पुरणात घाली, वर मला बजावी, “पुण्यात कुणाला सांगू नकोस हो, माले.” तसल्या पुरणपोळ्या मला पुढे कुठेही खायला मिळाल्या नाहीत.

अशा भरल्या घरात मला मात्र बसवत नसे. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी हिंडत असे. युनिव्हर्सिटी सुटली की ट्रामने सरळ घरी यायचं सोडून मी सियालदहपर्यंत चालत जाई. स्टेशनात फाळणीनंतर पूर्वेकडून आलेल्या माणसांनी प्लॅटफॉर्मवरच संसार मांडले होते. एका साडीचा पडदा लावला की घर झालं, त्याच्या आत बाळंतपणंसुद्धा होत. शेजारून कचेऱ्यांतले लोक गाडी पकडायला धावत जात, आणि मी तिथे उभी राहून काय करत होते हे मला आजही सांगता येणार नाही. काही केलं पाहिजे असं वाटे आणि हात रिकामे असत. मग मी चिडून घरी येई आणि आईवर डाफरे. माझी मैत्रीण नीलिमा बागबाजारची. मराठ्यांच्या धाडींना भिऊन शहराने खणलेला खंदक त्यांच्याच भागातून सुरू व्हायचा, त्यामुळे तिची आजी मला बर्गी म्हणे, म्हणजे लुटारू मराठा, आणि असं म्हणत म्हणत संदेश भरवी. नीलिमा म्हणायची, “बर्गीच तू. कुठेतरी धाड घातल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही.”

धाड घालण्याजोगं ठिकाण आम्हाला वर्गातच सापडलं. आम्ही अर्थशास्त्र शिकत होतो आणि त्या विषयात तेव्हा ‘मागासलेले देश’ हे नवं प्रकरण उघडलं होतं. आम्ही बसलो होतो तो देश त्यातच मोडत होता. स्वतःबद्दलचं हे वर्णन आम्ही परक्या देशांतल्या पुस्तकांतून पाठ करत होतो आणि परीक्षेत त्याला गुण मिळवत होतो. त्या हिवाळ्यात प्रोफेसर हार्डविक नावाचे अमेरिकन पाहुणे विभागात व्याख्यानं द्यायला आले. उंच, जरासे वाकलेले, प्रश्न विचारला की मान तिरकी करून ऐकणारे. माणूस चांगला होता, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं होईल. त्यांचं म्हणणं असं की जग ही एक शाळा आहे. काही देश वरच्या इयत्तेत पोचले, काही अजून बिगरीत आहेत. वरच्यांनी खालच्यांना पुस्तकं द्यावीत, मास्तर द्यावेत, भांडवल द्यावं, म्हणजे एका पिढीत सगळे वरच्या वर्गात. मला हे ऐकताना बाकावर बसवेना. नीलिमाने टेबलाखालून माझा गुडघा दाबून धरला होता.

माझी चिडचिड नुसती पुस्तकी नव्हती. अप्पा बंगालच्या पश्चिमेकडच्या पठारावर होणाऱ्या एका मोठ्या धरणाच्या कलकत्त्याच्या कचेरीत होते. आदल्या नाताळच्या सुट्टीत ते मला तिथे घेऊन गेले होते. पिवळी अजस्र यंत्रं, लाल माती, आणि अप्पांचा उजळलेला चेहरा. पाणी कुठवर चढेल हे दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्या खुंट्यांच्या आत एक संथाळ पाडा होता. एक बाई घराच्या भिंतीला काळ्या मातीचा पट्टा ओढत होती, खाली तांबडा, मध्ये काळा, वर पांढरा. पट्टा जरा वाकडा गेला तर बोटाने पुसून पुन्हा ओढत होती. मी अप्पांना विचारलं, “हे घर बुडणार ना?” ते म्हणाले, “अगं, यांना दुसरीकडे जमीन दिली आहे. विहिरीसकट.” कुठे, असं विचारलं तर त्यांनी जीपमधला नकाशा उघडून बोट ठेवलं. ते खोटं बोलत नव्हते. त्या धरणावर त्यांचा देवासारखा विश्वास होता. वीज येईल, पूर थांबतील, दुष्काळात माणसं मरणार नाहीत, हे त्यांनी मला लहानपणापासून सांगितलं होतं.

व्याख्यानांच्या शेवटी सेमिनार ठेवला होता. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रोफेसरसाहेबांच्या मांडणीवर आपलं मत सांगायचं. आमचे विभागप्रमुख घोषालसर टेबलावर पितळी घंटा घेऊन बसले होते, कारण बंगाली विद्यार्थी एकदा बोलायला उभा राहिला की त्याला खाली बसवायला दुसरा उपाय नसतो. माझ्या आधीच्या डाव्या विचारांच्या मुलांनी पाहुण्यांना धारेवर धरलं, साम्राज्यशाहीपासून सुरुवात करून तिथेच संपवलं. माझी पाळी आली. मला त्यांच्यासारखं ओरडायचं नव्हतं. मला आमच्या घरच्या पद्धतीने, कायमचं खोडायचं होतं.

म्हणून मी पूर्वपक्षापासून सुरुवात केली. हार्डविकसाहेबांची शाळा मी विटेवर वीट ठेवत उभी केली. त्यांनी जिथे उदाहरण दिलं नव्हतं तिथे मी बंगालच्या दुष्काळाचं दिलं. त्यांच्यावर येऊ शकणारे आक्षेप मीच घेतले आणि त्यांच्या वतीने मीच परतवले. साहेबांची मान तिरकी झाली, मग ते पुढे झुकले, मग हसू लागले. माझा आवाज छान लागला होता. इतका भक्कम पूर्वपक्ष मी आयुष्यात कधी मांडला नव्हता. मी श्वास घेतला, म्हणाले, “आणि आता—” आणि घोषालसरांनी घंटा वाजवली. मी पुन्हा तोंड उघडलं, त्यांनी पुन्हा वाजवली. “थँक यू, मिस लेले. एक्सेलेंट.” टाळ्या पडल्या. रविवारच्या पंगतीत घंटा नसते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

व्हरांड्यात मुलांनी “दालाल, दालाल” म्हणून मला वाट करून दिली. नीलिमा माझा दंड धरून म्हणाली, “तुई पागल नाकि? महिनाभर आमची डोकी खाल्लीस, आणि तिथे त्यांची आरती ओवाळलीस?” मी तिला पूर्वपक्ष समजावून सांगू लागले, तेवढ्यात साहेब स्वतः आले. म्हणाले, माझा विचार माझ्यापेक्षा स्वच्छ मांडणारी विद्यार्थिनी मला प्रथमच भेटली. त्यांच्या देशात एक शिष्यवृत्ती होती, आमच्या भागातून एकाला द्यायची होती आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. वडील काय करतात, विचारलं. धरणाचं नाव ऐकून त्यांचे डोळे लकाकले. ते धरण त्यांच्या पुस्तकात होतं.

अप्पांनी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. आई एकीकडे हरखली आणि दुसरीकडे पदर डोळ्यांना लावू लागली. मी अप्पांना गाठून खरं काय झालं ते सांगितलं. माझा उत्तरपक्ष राहिला, माझं मत अगदी उलटं आहे, ही शिष्यवृत्ती मला चुकून मिळते आहे. अप्पा आधी खो खो हसले. मग म्हणाले, “पूर्वपक्ष इतका चांगला मांडलास म्हणजे निम्मं तुला पटलंय, मालती.” आई लग्नाच्या वेळी जे बोलली होती तेच हे शब्द, आणि तेही अप्पांच्या तोंडून. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, “हे बघ. आपणहून उघडलेलं दार आहे. आत जा, शीक. उत्तर परत येऊन दे.” सल्ला शहाणा होता, वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पुढे प्राध्यापकी करताना परत येऊन उत्तर देणारे पुष्कळ पाहिले. येईपर्यंत बहुतेकांचा प्रश्नच बदललेला असे. पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मला जायचं होतं. जहाज, नवा देश, मोठी ग्रंथालयं, सगळं हवं होतं. आणि पाड्यातल्या त्या बाईने भिंतीवर ओढलेला काळा पट्टा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो आठवडा मी कलकत्ताभर चालून काढला. एकदा तर हावड्याचा पूल चालत ओलांडला आणि पलीकडे काहीच काम नाही म्हणून तसाच परत ओलांडला.

रविवारी साहेब आले. पाटावर बसताना त्यांच्या लांब पायांचं काय करायचं हे त्यांना कळेना, आईलाही कळेना. शेवटी त्यांनी ते एका बाजूला दुमडले. भरली वांगी, कोचूच्या पानांचं फतफतं, आणि खजुराच्या गुळाची पुरणपोळी. ते मनापासून जेवत होते. दुसरी पोळी वाढून घेताना ते अप्पांना म्हणाले, “तुमच्या मुलीइतकं मला कुणी समजून घेतलं नाही.” अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अभिमान होता आणि विनवणीही होती.

मी म्हणाले, “सर, ती तुमची बाजू होती. माझी राहिली.”

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग मी बोलू लागले. म्हटलं, तुमच्या शाळेत वरच्या वर्गातल्यांची फी खालच्या वर्गातल्यांच्या खिशातून भरली गेली आहे, हे तुमच्या पुस्तकात कुठे नाही. अभ्यासक्रम कुणी ठरवला तेही नाही. आम्ही मागासलेले असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्ही चिडतो, आणि मग आमच्यातलेच शिकलेले लोक नकाशा घेऊन तेच दुसऱ्या कुणाला जाऊन सांगतात. ज्याचं घर बुडायचं आहे त्याला कुणी विचारत नाही, कारण तो बिगरीत आहे आणि बिगरीतल्या मुलाला काय कळतं. इथे अप्पांचा घास हातातच राहिला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण घराची हवा तिला कळे. तिने विचारलं, “अहो, काय म्हणतेय ती? पोळी बिघडलीय का?”

साहेबांनी मान तिरकी करून सगळं ऐकलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी नकळत बोट वर केलं. आमच्या घरचा नियम सांगितला. म्हटलं, आधी माझं म्हणणं तुम्ही मांडा, मी हो म्हणाले की मग खोडा. त्यांना ते आवडलं. ते म्हणाले, “तुझं म्हणणं असं की आम्ही स्वार्थी आहोत.” मी म्हणाले, नाही. “तुम्हाला मदत नको आहे.” नाही. “तुम्हाला जुनंच प्रिय आहे.” नाही. ते हसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, “मला जमत नाही.” हे प्रामाणिकपणे कबूल करणारा दुसरा तज्ज्ञ मला पुढे भेटला नाही. मग ते गंभीर झाले. शिष्यवृत्ती देणारे लोक त्यांचं मत विचारणार होते. “मी त्यांना सेमिनारबद्दल सांगू शकतो, किंवा या जेवणाबद्दल. दोन्ही खरंच आहे. या जेवणाबद्दल सांगितलं तर ते तुला निवडतील असं मला वाटत नाही. तू सांग.”

मी अप्पांकडे पाहिलं नाही. आणि मग अप्पाच बोलले, इंग्रजीत, ताटाकडे बघत, साइटवर मोजमाप सांगावं तशा सपाट आवाजात. माझी मुलगी मदतीच्या विरुद्ध नाही, ते म्हणाले. तिचं म्हणणं असं की ज्याला मदत करायची त्याचं आयुष्य आपण आधी ‘उणीव’ या एका शब्दात बसवतो, आणि मग ती उणीव भरून काढतो. त्याच्याजवळ काय होतं ते कुणी पाहिलेलंच नसतं, म्हणून काय गेलं तेही कुणाला कळत नाही. तुमच्या देशाने हे आमच्याशी केलं, आणि मी ते त्या पाड्याशी केलं. दोघांचा हेतू चांगला आहे आणि त्याने काही फरक पडत नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “बरोबर?”

माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं ते. मी म्हणाले, “हो. हेच माझं म्हणणं.” आणि मला रडू फुटलं.

साहेबांनी हळूच विचारलं, “आणि तुमचं उत्तर, मिस्टर लेले?”

अप्पांजवळ उत्तर होतं. वीज, पूर, दुष्काळ, सगळं होतं. ते म्हणाले, “ते द्यायच्या आधी मला तिकडच्या माणसांचं म्हणणं मांडता आलं पाहिजे. ते मला येत नाही.” मग मराठीत आईला म्हणाले, “अगं, ताक वाढ.”

मी साहेबांना म्हटलं, जेवणाबद्दल सांगा. त्यांनी शब्द पाळला असणार, कारण शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जहाजं सुटायच्या दिवसांत मी नदीकडे फिरकले नाही. आईने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा माझ्या लग्नाचं मनावर घेतलं.

त्या जेवणानंतर लवकरच, होळीच्या सुमाराला अप्पा साइटवर गेले होते. या वेळी ते मुद्दाम त्या पाड्यात जाऊन बसणार होते. आल्यावर ते अंघोळ करून जेवायला बसले. मला धीर धरवेना. मी विचारलं, “गेला होतात? काय म्हणाले ते लोक?”

“गेलो होतो. दुभाष्या होता बरोबर. मी त्यांची बाजू मला समजली तशी मांडली. जमीन, झाडं, पूर्वजांच्या जागा, सगळं. मग विचारलं, हेच ना तुमचं म्हणणं?”

“मग?”

“हो म्हणाले.” अप्पांनी भात कालवला आणि तसाच ठेवला. “मग मी मुद्दाम उलटं मांडलं. म्हटलं, तुम्हाला इथून जायची घाई झाली आहे, हेच ना? त्यालाही हो म्हणाले. मी जे जे बोललो, मालती, त्या सगळ्याला ते हात जोडून हो म्हणाले.”